पावसाळ्यातली कुंडी, दिव्याखालची मिरची
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जूनचा दुसरा आठवडा उलटला की दुकानात एक प्रश्न रोज येतो: "बाल्कनीतली झाडं पिवळी पडलीत, कुठलं खत घालू?" बहुतेक वेळा खत घालायची गरजच नसते. झाडाला उजेड कमी पडलेला असतो, आणि भुकेलं समजून आपण त्याच्या मुळाशी खत ओतत राहतो. चवथीपर्यंत कुंडी रिकामी होते. ज्यांना घरात दिव्याखाली झाड वाढवायचं आहे त्यांच्यासाठी हे पत्रक लिहिलं आहे. खरेदीआधी वाचलंत तर जास्त बरं, कारण वाचून काही जण आमच्याकडून कमीच वस्तू घेतील, आणि आम्हाला ते चालेल.

उजेड डोळ्याने मोजू नका

भर दुपारच्या मोकळ्या उन्हात उजेड लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. दाट मळभात तो दहा-वीस हजारांवर येतो. खिडकीपासून दोन हात आत गेलात तर हजार-दोन हजार, आणि रात्री ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे. माणसाचा डोळा या सगळ्यांशी जुळवून घेतो, त्यामुळे हॉल आपल्याला "छान उजेडाचा" वाटतो. झाडाला मात्र तिथे उपास घडत असतो. ते उजेडाकडे मान लांब करतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खोड दोऱ्यासारखं होतं. रोप "भराभर उंच झालं" म्हणून आनंदाने सांगणाऱ्या ग्राहकाला हे सांगताना आम्हाला वाईट वाटतं, पण ती वाढ अशक्तपणाची असते.

फोनवर उजेड मोजणारं ॲप मिळतं. ते अगदी अचूक नसतं, पण अंदाजाला पुरतं. फळ धरणाऱ्या झाडाच्या शेंड्यापाशी पांढऱ्या एलईडीचे साधारण वीस हजार लक्स दिवसाला चौदा तास मिळाले, की मिरचीचं बरं चालतं. पुदिना, तुळस आणि पालेभाज्यांना याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त पुरतं.

किती तास, हा निराळाच प्रश्न

उजेड किती, आणि दिवस किती लांब, या दोन गोष्टींची ग्राहकांच्या बोलण्यात नेहमी गल्लत होते. पहिलीवर झाड जगतं. दुसरीवरून बरीचशी झाडं फुलायचं कधी ते ठरवतात.

हे १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती शेतात माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी वाढायची, पण फुलायची नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र तिला लहानपणीच फुलं यायची. खत, पाणी, ऊब असं सगळं तपासून झाल्यावर त्यांना कळलं, की झाड दिवसाची लांबी ओळखतं. पुढे असं दिसलं की झाड खरं तर रात्र मोजतं.

आपल्या गोव्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा असतो. फरक दोन तासांहूनही कमी, तरी शेवंतीला तो पुरतो. दिवस आखडला की तिला कळ्या धरतात. नाताळात लाल होणाऱ्या पॉइनसेटियाचंही तसंच. दरवर्षी कोणीतरी हिरवीगार कुंडी घेऊन येतं आणि विचारतं, हे लाल का होत नाही? कुंडी कुठे ठेवली होती विचारलं, की उत्तर मिळतं: टीव्हीच्या बाजूला, नाहीतर जिन्याच्या दिव्याखाली. रात्री अकरापर्यंत दिवा चालू असेल, तर त्या झाडाच्या हिशेबाने रात्र झालेलीच नसते. ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडीवर खोका घाला, पानं रंग धरतील. त्यासाठी आमच्याकडून काहीच घ्यावं लागत नाही.

मिरची, टोमॅटो आणि काकडी यांचं या घड्याळावाचून अडत नाही. ती वयावर फुलतात. मिरचीचं खोड आठ-दहा पानं काढतं, मग दुभंगतं, आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. पुढे प्रत्येक नव्या बेचक्यात एकेक. दिवस बारा तासांचा असो वा सोळा तासांचा, ती थांबत नाही. फ्लॅटमध्ये पहिल्यांदा झाड लावणाऱ्याने मिरचीपासूनच सुरुवात करावी असं आम्ही म्हणतो, त्याचं कारण हेच. टायमर बिघडला, वीज गेली, घरच्या कोणी रात्री दोनला खोलीतला दिवा लावला, तरी मिरची सगळं पोटात घालते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. "जास्त उजेड म्हणजे जास्त फळ" असं समजून चोवीस तास दिवा ठेवू नका. सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून डागाळतात. कोथिंबीर लांब दिवसात आणि उकाड्यात लवकर तुऱ्यावर येते, पानं बारीक होतात. तिला वेगळं ठेवून बारा तासच द्या.

ऑटोफ्लॉवरबद्दल विचारणाऱ्यांसाठी

काही तरुण ग्राहक दबक्या आवाजात विचारतात, "ऑटोफ्लॉवरसाठी कुठला दिवा?" प्रश्न उघड विचारावा आणि उत्तरही उघड द्यावं, असं आम्हाला वाटतं.

ऑटोफ्लॉवर म्हणजे वयावर फुलणारं भांगेचं झाड. नेहमीची भांग शेवंतीसारखी, रात्र मोठी झाल्यावर फुलते. मध्य आशिया आणि रशियाच्या भागात रानात वाढणारा रुडेरालिस हा बुटका प्रकार मात्र तसा थांबत नाही. उत्तरेकडचा उन्हाळा छोटा असतो, वाट पाहत बसलं तर बी धरायच्या आत थंडी येते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याच्या संकरातून पुढे ऑटोफ्लॉवर जाती आल्या. वनस्पतिशास्त्र म्हणून हा विषय सुंदर आहे, आणि मिरचीशी त्याचं नातं इतकंच, की दोघांना घड्याळ लागत नाही.

पण भारतात ते झाड घरी लावणं हा गुन्हा आहे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, त्याच्या कलम ८ नुसार परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड करता येत नाही. कलम २० मध्ये लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गांजाच्या व्याख्येतून बी आणि नुसतं पान वगळलेलं आहे, हे ऐकून पुष्कळ जण गैरसमज करून घेतात. ती सूट पान आणि बी यांच्या व्याख्येपुरती आहे, जिवंत झाड लावण्याला नाही. एकच झाड, स्वतःपुरतं, बंद खोलीत, अशी कुठलीही सवलत त्या कलमात नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये लावलं आणि मालकाने माहीत असून चालू दिलं, तर कलम २५ खाली तोही अडकू शकतो.

उत्तराखंडात औद्योगिक भांगेची लागवड होते ती सरकारी परवान्यावर, धागा आणि बियांसाठी. भांगेचं बी खाद्य म्हणून विकायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये नियम केले, ते बी खाण्यासाठी आहे. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीच्या प्रस्तावावर बराच गाजावाजा झाला, पण त्यातून घरी लावायची मुभा कोणालाही मिळालेली नाही. म्हणून आमच्याकडे ते बी मिळत नाही, आणि त्या झाडासाठी दिवा, खत, तास यांचा सल्लाही आम्ही देत नाही. विशी-बाविशीच्या मुलाच्या पुढच्या आयुष्यावर एका कुंडीमुळे खटला लागावा, ही गोष्ट आम्हाला सहन होण्यासारखी नाही.

दिवा घेताना

दोन फूट बाय दोन फूट जागेला एलईडीचे खरे ५० ते ६० वॉट पुरतात. "खरे" हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर १००० लिहिलेला दिवा प्रत्यक्षात शंभरच वॉट ओढतो, असं आम्ही मीटर लावून अनेकदा पाहिलं आहे. आमच्याकडे दिवा घेताना मीटरवर लावून दाखवायला सांगा, दाखवू. ६० वॉटचा दिवा चौदा तास चालला तर दिवसाला पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, महिन्याला साधारण पंचवीस युनिट. हे परवडणार असेल तरच दिवा घ्या.

जांभळा दिवा नको. झाड त्यात वाढतं, पण त्या रंगात पानावरचा पिवळेपणा, कीड, डाग काही दिसत नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. पांढरा घ्या. शेंड्यापासून दीड फुटावर टांगून सुरुवात करा. पानं वर वळून कागदासारखी झाली तर दिवा वर घ्या, खोड लांबलं तर खाली आणा.

विजेची काळजी

पाणी आणि वीज इथे शेजारी असतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर किंवा कुंडीच्या खाली ठेवू नका, भिंतीवर उंच बसवा. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता खाली गळेल. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. नसेल तर आधी तो बसवा, दिवा मग घ्या. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. मिरचीला एक दिवस अंधार झाला तर काहीही बिघडत नाही.

कुंडी, पाणी आणि आपली दमट हवा

आपल्याकडे मिरची मरते ती बहुतेकदा पाण्याने. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात दुकानामागच्या खोलीत चाळीस रोपं लावली होती. रोज सकाळी हौसेने पाणी घातलं. पंधराव्या दिवशी निम्मी रोपं बुडख्याशी काळी पडून आडवी झाली. हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना कुंडी सुकतच नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता आम्ही बोट दोन पेरं आत घालून पाहतो आणि कुंडी उचलून वजन बघतो. हलकी लागली तरच पाणी, आणि तेही खालून निथळेल इतकं. तबकात साचलेलं लगेच ओतून द्या.

दुसरी गरज वाऱ्याची. छोटा पंखा पानं जेमतेम हलतील असा दिवसभर चालू ठेवा. त्याने भुरी आणि बुरशी दूर राहते, खोडही जाड होतं. दिवा आणि पंखा यांतलं एकच परवडत असेल, तर पावसाळ्यात आधी पंखा घ्या आणि कुंडी खिडकीत ठेवा.

बी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, सात ते बारा दिवसांत रुजतं. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. महिना-सव्वा महिन्याने रोप दहा-बारा लिटरच्या कुंडीत हलवा. परसातली तांबडी जांभ्याची माती भरायची असेल तर ती आम्लधर्मी असते हे लक्षात ठेवा. मूठभर चुना आधी मिसळून पंधरा दिवस ठेवा, आणि निम्मं कोकोपीट व शेणखत घाला. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, ते कुंडीला घालू नका.

खत थोडकं: एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. फुलं दिसली की पोटॅशचं खत आणि कॅल्शियम नायट्रेट. कॅल्शियम इतर खतांबरोबर एकाच बाटलीत घट्ट कालवू नका, खाली पांढरा साका बसतो आणि झाडाला काही मिळत नाही.

घरात मधमाशी नसते, पण मिरचीला तिची फारशी गरज नाही. सकाळी फुलाच्या फांदीला दोन टिचक्या मारा. फुलं गळत असतील तर खोली रात्री फार तापते का ते पाहा.

पानं आक्रसली तर वळण बघा. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड. कुंडी न्हाणीघरात न्या, पानांच्या खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून फवारा. दर पाच दिवसांनी, तीनदा. पान मोजॅकसारखं चट्ट्यापट्ट्याचं आणि रोप खुजं झालं असेल तर तो विषाणू, त्याला औषध नाही. ते रोप काढा, शेजारची वाचतील.

बी कुठलं?

पहिल्यांदा कोणतीही बुटकी जात घ्या. पेरल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत फूल, तीन महिन्यांत हिरवी मिरची, चार महिन्यांत लाल. खोल्याच्या किंवा हरमलच्या मिरसांगेचं (मिरचीचं) बी लोक आवडीने मागतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढलेली खोल्याची मिरची पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या वेळी, मिळते, ती तिथल्या शेतकऱ्याकडूनच घ्या. तिचं बी कुंडीत लावून हौस भागवायला हरकत नाही, पण त्या नावाने ती विकता येणार नाही.

काही अडलं तर दुखऱ्या झाडाची दोन पानं, एक वरचं आणि एक खालचं, कोरड्या कागदात गुंडाळून दुकानात घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून काळी पडतात, मग आम्हालाही काही ओळखता येत नाही. पानं बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही.