लोकसहभाग, शालेय (खानदेश)

लोकसहभाग, शालेय (खानदेश) : शाळा उभारण्यात, चालवण्यात व तिच्यावर देखरेख ठेवण्यात गावाने उचललेला वाटा, आणि त्याच्या जोडीने मुलांच्या मनात शाळेविषयी निर्माण होणारा आपलेपणा. अहिराणीत शाळेला ‘शाया’ म्हणतात. ‘शाया’चे ‘मनी शाया’ (माझी शाळा) कसे होते, हा या नोंदीचा विषय. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा येथे विचारात घेतल्या आहेत. खाजगी शाळांतील पालक-शिक्षक संघांचे स्वरूप वेगळे असल्याने ते वगळले आहेत.

जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा (१५ तालुके). पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. आज धुळ्यात ४, तर नंदुरबारात ६ तालुके आहेत. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, बीटचे (काही केंद्रांच्या गटाचे) विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा) व मुख्याध्यापक अशी प्रशासनाची उतरंड असली, तरी गावाचा संबंध येतो तो मुख्याध्यापकाशी आणि फार तर केंद्रप्रमुखाशी.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. एक मत तो पंतोजींच्या गावठी शाळांपर्यंत मागे नेते. देवळात, धर्मशाळेत किंवा एखाद्या ओसरीवर भरणाऱ्या या शाळांचा खर्च पालक धान्याच्या व रोख रकमेच्या रूपाने भागवत. शाळा गावाच्याच पैशावर उभी होती, हे या मताचे बळ. मात्र ज्यांची मुले तेथे बसत, ती घरे मोजकीच होती. मुली, अस्पृश्य गणलेल्या जातींची व भिल्लांची मुले जवळपास बाहेरच होती. तेव्हा येथे ‘गाव’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

दुसरे मत स्थानिक कराला महत्त्व देते. मुंबई इलाख्यात १८६३–६४ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली व त्यातील एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखला गेला. १८६९ च्या कायद्याने या वसुलीला वैधानिक आधार मिळाला. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये शिक्षणाचा जो तपशील येतो, त्याला या निधीची पार्श्वभूमी आहे. आक्षेप असा की ही वसुली साऱ्याबरोबर सक्तीने होई आणि शाळा कोठे काढावी हे ठरवताना आणा भरणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारत नसे. त्यामुळे याला सहभाग म्हणण्यापेक्षा कर म्हणणेच योग्य. तरीही ‘आम्ही पैसा भरतो, तर मास्तर वेळेवर यायला हवा’ या तक्रारीला याच व्यवस्थेने आधार दिला असावा. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांची मांडणी झाली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या शिक्षण मंडळांकडे आल्या, १९४७ च्या कायद्याने ती रचना बदलली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. ‘बोर्डाची शाळा’ हा जुन्या पिढीच्या तोंडचा शब्द या इतिहासातला.

तिसरे मत अमळनेरकडे बोट दाखवते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील हायस्कुलात शिक्षक होते व वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, मुलांसाठी हस्तलिखित छात्रालय दैनिक काढणे या गोष्टी सर्वपरिचित आहेत. आपलेपणाचा विचार करताना हा धागा टाळता येत नाही. परंतु एका माध्यमिक शाळेच्या वसतिगृहातून तो खेड्यांतील प्राथमिक शाळांपर्यंत कसा पोचला, हे दाखवणे अवघड आहे. पैशाचा धागा आणि जिव्हाळ्याचा धागा वेगवेगळे आहेत आणि ते एकत्र आले ते बहुधा १९९० नंतर, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्या दशकात दोन घटना थोड्या अंतराने घडल्या. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली, ती अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील. तेथे नर्मदा बचाव आंदोलनाने १९९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथून जीवनशाळा सुरू केल्या. शिक्षक शक्यतो आसपासच्या पाड्यांतले असत व पावरी, भिलोरी या बोलींना वर्गात जागा होती. दुसरीकडे तत्कालीन धुळे जिल्ह्यात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि ग्राम शिक्षण समित्या व माता-पालक संघ यांची रचना रूढ झाली. पहिली घटना लोकांच्या बाजूने, दुसरी शासनाच्या बाजूने. आजच्या व्यवस्थेने कागदावरची रचना दुसऱ्या घटनेतून घेतली, पण तिच्यातील जे चालते ते बरेचसे पहिल्या घटनेसारखे आहे.

शाळा व्यवस्थापन समिती : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार ही समिती नेमली जाते. महाराष्ट्रात तिच्यात सदस्य-सचिव वगळून १२ ते १६ सदस्य असतात. बारांची समिती धरल्यास ९ पालक आणि उरलेल्या तिघांत स्थानिक प्राधिकरणाचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक व एक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, म्हणजे येथे किमान ६. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना पटाच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच निवडतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतो. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांत एक तरी मुलगी. सभा महिन्याला किमान एक. मुदत दोन वर्षे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे मुख्य काम.

निवड पालकसभेत होते आणि चुकते तीही तेथेच. नोटीस फळ्यावर लावून भागत नाही. आदल्या संध्याकाळी मुलांच्या हाती चिठ्ठी व गावात दवंडी किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सूचना, असे दोन्ही लागते. पाडे विखुरलेले असतील, तर प्रत्येक पाड्यातून एक नाव आधी ठरवून घ्यावे, नाहीतर शाळेलगतच्या वस्तीचेच नऊ पालक होतात. अध्यक्षाचे मूल शाळा सोडून गेले की तो पालक राहत नाही. शेवटच्या वर्गातील मुलाचा पालक निवडल्यास वर्षभरात पद रिकामे होते, म्हणून दुसरी-तिसरीचा पालक सोयीचा. सर्वांत जुना रोग म्हणजे इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या. तो बहुधा सभेच्या वेळेतून येतो. सकाळी अकराला बोलावलेली सभा म्हणजे मजुराचा दिवस बुडणे. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर आणि महिलांसाठी वेगळी दुपारची बैठक ठेवली, तर वही फिरवावी लागत नाही. अध्यक्षपदाकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पायरी म्हणून पाहिले जाते, ही दुसरी अडचण. तिला वेळापत्रकाचा उपाय नाही.

बोली आणि वर्ग : आपलेपणाची पहिली परीक्षा पहिलीच्या वर्गात होते, आणि संदर्भग्रंथ समितीवर जितके लिहितात तितके या भागावर लिहीत नाहीत. प्रदेशात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, तडवी भिल्ली, मावची, पावरी अशा अनेक बोली आहेत. अहिराणीत मराठीतील ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया, शाळा–शाया. ‘आला’ला ‘उना’, ‘गेला’ला ‘गया’, ‘घरात’ला ‘घरमा’. ‘डोळा’ हा शब्द पाहून मूल ‘डोया’ म्हणाले, तर ते चुकले असे म्हणता येत नाही. अक्षर ओळखून त्याने आपल्या उच्चारात वाचलेले असू शकते. मात्र शेजारच्या चित्रावरून नुसते अनुमान केले असेल, तर तेही ‘डोया’च म्हणेल. फरक ओळखायची सोपी रीत अशी : ‘माळा’ व ‘माया’ ही दोन कार्डे चित्रांशिवाय समोर ठेवावीत, शिक्षकाने एक शब्द प्रमाण उच्चारात म्हणावा आणि मुलाला बोट ठेवायला सांगावे. उच्चार करवून घेऊ नये. बोट बरोबर पडले तर अक्षर आले आहे. ‘ळ’ जिभेवर पुढे येईल.

पहिले सहा ते आठ आठवडे घरचा शब्द आधी स्वीकारून त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवावा. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावून मुलांनी आणलेले शब्द त्यात रोज चार-पाच भरावेत. अहिराणीत हे पुरते. पावरी वा भिल्ली बोलणाऱ्या मुलांसाठी पुरत नाही, कारण तेथे मराठीशी अंतर मोठे आहे; वरच्या वर्गातील मुलगी किंवा गावातील एखादी शिकलेली तरुणी रोज अर्धा तास दुभाषी म्हणून बसवावी लागते. मातृभाषा शक्य तेथवर माध्यम असावी, असे कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहेच. नेहमीचा घात होतो तो हसण्याने. एका मुलाच्या ‘उना’वर वर्ग हसला व शिक्षकही हसला, की ते मूल पुढे कित्येक दिवस तोंड उघडत नाही आणि हजेरीपटावर त्याची कसलीच नोंद होत नाही.

हंगाम : शाळेचे वर्ष १५ जूनला सुरू होते, गावाचे वर्ष आखाजीला (अक्षय तृतीयेला). त्या दिवशी सालदार (वर्षाच्या करारावरचे शेतगडी) बदलतात, कुटुंब दुसऱ्या गावी जाते आणि दाखल्याचा प्रश्न जूनमध्ये पुढे येतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट आहे; तरी मूल आठवडाभर घरी बसलेले आढळते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते (तोडणी करणारी जोडपी) निघतात, नंदुरबारातून अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत जातात, आणि ती परततात आखाजीच्या सुमारास. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) कितीतरी आधी घेतलेली असल्याने कोण जाणार हे गावाला पोळ्यापासूनच ठाऊक असते. शाळेला ते कळते तेव्हा ट्रक निघून गेलेला असतो.

म्हणून स्थलांतराची यादी दसऱ्यापूर्वी करणे हा सगळ्या कामाचा कणा. जून-जुलैत प्रत्येक शिक्षकाने संध्याकाळी घरभेटी द्याव्यात व पाच गोष्टी टिपून घ्याव्यात : घरात बोलली जाणारी भाषा, बाहेर राहण्याचे महिने, जाण्याचे ठिकाण, मागे कोण राहणार, आणि तेथे लागणारा मोबाईल क्रमांक. मूल गैरहजर राहिल्यावरच शिक्षक घरी गेला, तर त्याला पाहून मूल लपते. पहिली भेट तक्रारीशिवायची हवी. हंगामी वसतिगृह बऱ्याच ठिकाणी नावालाच वसतिगृह असते : मूल आजी-आजोबांकडे झोपते व दोन वेळचे जेवण शाळेत घेते. ही सोय टोळी निघण्याआधी सुरू झाली तरच आई मुलाला मागे ठेवते. शिक्षण हमी कार्डावर मुलाची इयत्ता व प्रगती लिहून दिली जाते, जेणेकरून दुसऱ्या गावची शाळा त्याला सामावून घेईल. गुजरातेत माध्यमच बदलत असल्याने तेथे कार्डाचा उपयोग मर्यादित राहतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खानदेशातील देवी) बसते, तेव्हा सुरत, नाशिक, मुंबईकडे गेलेले भाऊबंद गावी परततात. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा याच दिवसांत घेतलेला बरा. आखाजीला गर्दी मोठी, पण तेव्हा परीक्षा व सुटीची घाई असते. सातपुड्यात होळी व भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी) बाजारांच्या आठवड्यात उपस्थिती घसरते. त्या दिवसांत चाचणी ठेवणे म्हणजे मुद्दाम पाडलेली फजिती.

वर्गणी : समग्र शिक्षा योजनेतून (२०१८ पासून) शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळते : ३० पर्यंत १०,००० रु., १०० पर्यंत २५,००० रु., २५० पर्यंत ५०,००० रु. यात खडू, दुरुस्ती, स्वच्छता व वीजबिल भागवायचे, म्हणून लोकवर्गणी लागते. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर तिला जोर आला. धुळे जिल्ह्यात गावोगावी वर्गणीतून प्रोजेक्टर व संगणक आले आणि जिल्ह्याचे नाव झाले. पुढे अनेक गावांत ही यंत्रे थांबली ती बिघाडाने कमी व थकलेल्या वीजबिलाने जास्त. तेव्हा वस्तू घेतानाच तीन वर्षांचे बिल व दुरुस्ती अंदाजपत्रकात धरावी. क्रम असा : समितीचा ठराव, अंदाजपत्रक, प्रत्येक रकमेची पावती, अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचे खाते, जडवस्तू नोंदवहीत नोंद, आणि हिशेब फळ्यावर. रोख न देणारा मुरूम, ट्रॅक्टरची खेप किंवा रंगकामाचे दोन दिवस देतो. त्याचीही पावती फाडावी. देणगीदारांची नावे रकमेसह भिंतीवर रंगवण्याची चाल मात्र टाळावी, कारण ती भिंत पाच वर्षे मुले वाचत असतात.

आश्रमशाळा : नंदुरबार, तळोदा, धुळे व यावल येथील प्रकल्प कार्यालयांकडे शासकीय आश्रमशाळांचा कारभार आहे. मुले निवासी, पालक डोंगरात. समितीची सभा आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवल्यास पालक येतात, इतर दिवशी क्वचितच. नव्या मुलाला पहिल्या महिन्यात एकाच पाड्यातील मोठ्या मुलाशेजारी अंथरूण द्यावे. दिवाळीच्या सुटीनंतर परत न येणाऱ्यांत पहिली-दुसरीची मुले अधिक दिसतात. सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी पाड्यात गाडी पाठवून सगळ्यांना एकत्र आणले, तर ही गळती कमी होते.