जुने गेम, नवा टीव्ही: घरी नेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे जुने कन्सोल (म्हणजे टीव्हीला लावायची गेमची मशीन) आणि त्यांच्या गेमच्या कॅसेट दुरुस्त होतात आणि विकतही मिळतात, आणि काउंटरवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच की मोबाइलवर एवढे भारी गेम फुकटात मिळत असताना ४० वर्षांपूर्वीचा मारिओ कशाला घ्यायचा? रोज गर्दीत नीट सांगता येत नाही म्हणून हे पत्रक छापलंय. अर्ध्यात गेमबद्दल आहे आणि अर्ध्यात ते घरी नीट चालावेत म्हणून काय करायचं ते आहे, दोन्ही वाचा प्लीज.

मारिओपासूनच सुरू करू. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने काढला, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा गेम. सगळ्या ३२ स्टेज, चित्रं, म्युझिक, सगळं मिळून फक्त ४० किलोबाइट. घरच्या ग्रुपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो सुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो! जागाच नव्हती, त्यामुळे ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, रंग बदलून दोन ठिकाणी वापरलंय. पुढच्या वेळी खेळताना मुद्दाम बघा.

पण खरी कमाल पहिल्या स्टेजमधे आहे. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा, कुणी काही सांगत नाही तरी तुम्ही उजवीकडेच चालायला लागता. मग तो तपकिरी शत्रू, गुम्बा, अंगावर येतो, उडी मारली नाही तर गेलात, म्हणजे पहिला धडा झाला. पुढे प्रश्नचिन्हाच्या डब्यातून मशरूम निघतो, तो उजवीकडे जातो, पाइपला आपटतो आणि उलटा तुमच्याच दिशेने येतो, नवीन माणूस घाबरून पळायला बघतो पण वर विटा असल्यामुळे नीट पळताही येत नाही, मशरूम लागतो आणि मारिओ मोठा होतो! कळलं, हा चांगला असतो. अजून पुढे दोन पायऱ्यांचे ढिगारे येतात, मधे जमीन भरलेली, पडलात तरी मरत नाही. त्याच्या लगेच पुढे तसेच दोन ढिगारे, पण आता मधे खरा खड्डा. म्हणजे आधी प्रॅक्टिस दिली आणि मग परीक्षा घेतली, ते सुद्धा एक अक्षर न लिहिता. आज गेम उघडला की पहिली दहा मिनिटं इथे दाबा तिथे दाबा असे बाण येत राहतात, त्याच्यासमोर हे बघितलं की बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्याचा किती विचार केला होता ते कळतं. आणि कोजी कोंडो यांचं म्युझिक, वेळ १००च्या खाली गेला की तेच म्युझिक एकदम फास्ट होतं आणि आपलेही हात फास्ट होतात.

आपल्याकडे ९०च्या दशकात हे सगळं बहुतेक घरांत आलं ते क्लोन मशीनवर, म्हणजे निन्टेन्डोच्या कन्सोलच्या नकलेवर, सोबत दोन रिमोट, एक गन आणि ९९९९ इन १ वाली कॅसेट, ज्यात तेच थोडे गेम नावं बदलून परत परत असायचे. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी मिळून खेळायचा कॉन्ट्रा त्यातच भेटला. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, ३० लाइफ, हा कोड अजून लोकांना तोंडपाठ आहे. तो मुळात कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ग्रॅडियस नावाच्या गेमचं टेस्टिंग करताना स्वतःसाठी टाकला होता कारण गेम त्यांना फारच अवघड जात होता. तसल्या कॉपी कॅसेट आम्ही विकत नाही, ज्यांनी जीव ओतून गेम बनवले त्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. तुमच्या घरातली जुनी असेल तर दुरुस्त मात्र जरूर करून देऊ.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी आमची पहिली शिफारस प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, लटकायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम ट्रेस करून प्रिन्स बनवला. म्हणून तो पळता पळता थांबताना थोडा घसरतो, कड्याला लटकून धडपडत वर चढतो, माणसासारखा. नंतर शत्रू टाकायला मेमरीच उरली नाही, तर त्यांनी प्रिन्सचीच चित्रं कॉम्प्युटरच्या एका युक्तीने वेगळी दिसतील अशी वापरली आणि त्यातून तो आरशातून बाहेर उडी मारणारा सावलीचा प्रिन्स आला. (खेळला नसेल तर इथून पुढच्या परिच्छेदावर जा.) शेवटी त्या सावलीशी तलवारीने लढलात तर तिला लागलेला प्रत्येक घाव तुम्हालाही लागतो, तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जायचं आणि दोघं एक होतात. मेमरी संपली म्हणून काढलेल्या वाटेतून गेममधला सगळ्यात भारी क्षण निघाला, आम्हाला वाटतं की क्लासिक गेम हे असेच बनतात, अडचणीवर घाई न करता प्रेमाने काम करून.

टेट्रिसबद्दल थोडक्यात. १९८४, मॉस्को, अलेक्सी पाजित्नोव. त्यांच्या मशीनवर ग्राफिक्सच नव्हते म्हणून पहिले तुकडे कंसाच्या चिन्हांनी काढलेले होते. सात आकार, बस. आजीला द्या, सात वर्षांच्या नातवाला द्या, कुणालाही शिकवावं लागत नाही.

आणि हे सगळं जुन्यातच होतं असं अजिबात नाही. स्टारड्यू व्हॅली (२०१६) एरिक बरोन यांनी चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बनवला, चित्रं, म्युझिक, कोड सगळं स्वतः. आणि २०२० मधे आलेला राजी तर आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा आहे, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि मधे मधे सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. घेऊन बघाच.

आता घरी लावताना

नवीन टीव्हीला पिवळी पिन असली तरी जुन्या कन्सोलचं चित्र त्यावर बरेचदा भुरकट दिसतं, कारण टीव्ही तो सिग्नल चुकीचा ओळखतो. त्याहून वाईट म्हणजे बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो आणि लोकांना वाटतं रिमोट खराब आहे. आधी टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन गेम मोड चालू करा. तरी जमलं नाही तर आमच्याकडे कन्व्हर्टर मिळतो, पण सगळ्यात स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका, तो स्वतःच उशीर वाढवतो.

डक हंट (गनने बदकं मारायचा गेम) हवा असेल तर डब्बा टीव्हीच लागेल, याला पर्याय नाही. ट्रिगर दाबल्यावर क्षणभर स्क्रीन काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, गन तो उजेड बघते. सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं त्यामुळे गनला काहीच दिसत नाही. गन दुरुस्तीला आणण्याआधी टीव्ही कुठला आहे ते सांगा, तुमचे पैसे वाचतील.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. सगळ्यांना सवय आहे, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना हळूहळू गंजतात. कानातल्या काडीच्या कापसाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या, मग लावा. दहातल्या बऱ्याच कॅसेट एवढ्यानेच चालू होतात आणि आमच्यापर्यंत यायची गरजच पडत नाही.

गेम सेव्ह होणाऱ्या बऱ्याच जुन्या कॅसेटच्या पोटात छोटा बटन सेल असतो. झेल्डाची सोनेरी कॅसेट, गेम बॉय या हातातल्या कन्सोलचे पोकेमॉन, यांत असतोच. सेल संपला की सेव्ह गेला, परत येत नाही. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमधे त्याच सेलवर घड्याळ पण चालतं म्हणून तो लवकर संपतो. सेव्ह अजून दिसत असेल तर तेव्हाच आणा, आम्ही आधी सेव्ह कॉपी करून घेतो, मग नवीन सेल सोल्डर करतो आणि सेव्ह परत टाकतो. लहानपणीचा पिकाचू बऱ्याच लोकांचा अजून आत जिवंत असतो, म्हणून हे काम आम्ही घाईत करत नाही, दोन दिवस द्या. घरी टेप लावून सेल बसवू नका, तो हलला की सगळं उडतं.

शेवटचं, आणि हे महत्त्वाचं. नातेवाइकांनी जपानहून कन्सोल आणला असेल तर त्याचा अडॅप्टर आपल्या प्लगमधे थेट लावू नका, तो १०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. बॉक्ससकट इकडे घेऊन या, योग्य अडॅप्टर लावून, चालवून दाखवून देऊ, तपासायचे पैसे घेत नाही.