प्रवाळ मत्स्यालयासाठी खारे पाणी तयार करणे

घरगुती प्रवाळ मत्स्यालयात प्रथम भरण्यासाठी आणि पुढे ठरावीक काळाने काही भाग बदलण्यासाठी लागणारे, समुद्राच्या पाण्याशी रासायनिकदृष्ट्या जुळणारे पाणी शुद्ध केलेले गोडे पाणी आणि कृत्रिम सागरी मीठ यांच्यापासून घरी बनवण्याची ही पद्धत आहे. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीला लागून वसलेली असल्यामुळे तयार खारे पाणी हाताशी असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न नवख्या हौशी व्यक्तीला पडणे साहजिक आहे. मात्र ठाणे खाडीचे पाणी या कामाला निरुपयोगी आहे. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचे गोडे पाणी मिसळून त्याची लवणता मोठ्या प्रमाणात उतरते, वर्षभर त्यात बारीक गाळ तरंगत असतो आणि शहरांचे सांडपाणी व ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील प्रदूषके त्यात मिसळत आली आहेत. खाडीतल्या चिखलावर रोहित पक्षी पोसले जातात, परंतु स्वच्छ, उथळ आणि स्थिर लवणतेच्या समुद्रात वाढणारे प्रवाळ त्या पाण्यात तग धरू शकत नाहीत.

खुल्या समुद्राच्या १ किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश सागर-संशोधन जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील मोहिमेत गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिट्मार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. लवणता कमीजास्त असली तरी प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, हे त्यातून स्पष्ट झाले. या क्षारांत सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३० टक्के सोडियम असते. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हे मुख्य. प्रवाळाच्या दृष्टीने हा उरलेला भागच मोलाचा ठरतो, कारण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवतात आणि ते पाण्यातच साक्यासारखे आपोआप खाली बसू नये, याला मॅग्नेशियम साहाय्य करते.

मिठागरातले मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी पुन्हा का मिळत नाही, याचे उत्तर मिठागराच्या कामातच आहे. खाजणातले पाणी उन्हाने आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियमचे कार्बोनेट व सल्फेट वेगळे होतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचा बराचसा भाग मागे राहिलेल्या कडवट पाण्यात निघून जातो. त्यामुळे खडे मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. कारखान्यात बनणाऱ्या सागरी मिठात हे वगळले गेलेले घटक मोजून परत घातलेले असतात. त्याची किंमत खाण्याच्या मिठाच्या कितीतरी पट असते, तरीही या खर्चात काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

पाण्याच्या बाबतीतही तेवढीच दक्षता घ्यावी लागते. नवी मुंबई महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी काय किंवा ठाण्याला मिळणारे शहाड-टेमघर योजनेचे पाणी काय, ते पिण्यासाठी क्लोरिनयुक्त केलेले असते. त्यात इमारतीच्या टाक्यांतून व नळांतून आलेले धातूंचे अंश मिसळू शकतात, आणि तांब्याचा अत्यल्प अंशही अपृष्ठवंशी जीवांना घातक असतो. म्हणून गाळणी, कार्बन, आरओ पटल आणि शेवटी उरलेसुरले क्षार काढणारे आयन-विनिमय रेझिन अशा टप्प्यांतून काढलेले, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दाखवणारे पाणी वापरतात. स्वयंपाकघरातील पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी थेट वापरू नये, कारण चवीसाठी त्यात खनिजे मिसळणारे कार्ट्रिज किंवा न गाळलेले थोडे पाणी परत सोडणारा टीडीएस कंट्रोलर असतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की पहिली गाळणी लवकर तुंबते.

प्रत्यक्ष मिश्रणासाठी खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लॅस्टिकचे पिंप, पाणी फिरवणारा छोटा पंप आणि तापमापक एवढे साहित्य पुरते. पिंपात आधी पाणी भरावे, पंप सुरू करावा आणि मग मीठ थोडे थोडे सोडावे. हा क्रम उलटा करून मिठावर पाणी ओतल्यास तळाशी अतितीव्र द्राव तयार होतो, त्यात कॅल्शियम व कार्बोनेट यांचा संयोग होऊन पांढरा थर बसतो आणि तो पुन्हा सहज विरघळत नाही. अशा पाण्याची लवणता बरोबर दिसते, पण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटमुळे येणारी आम्ल शोषण्याची क्षमता) दोन्ही घटलेली असतात. ही चूक फसवी आहे ती यामुळेच. मिठाचे प्रमाण लिटरमागे साधारण ३६ ते ४० ग्रॅम असते. २०० लिटरच्या टाकीतील दहा टक्के पाणी बदलायचे असल्यास २० लिटर पाण्याला पाऊण किलोच्या आसपास मीठ लागते, परंतु अंतिम निर्णय वजनकाट्याने नव्हे, मापनयंत्राने करावा. किती वेळ ढवळावे हे मिठागणिक बदलते, म्हणून पिशवीवरील सूचना पाळणे बरे.

तयार पाण्याची लवणता ३५ (१ किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावी. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून लवणता मोजणारे उपकरण) शुद्ध पाण्याने शून्यावर आणून न थांबता ३५ लवणतेच्या प्रमाणद्रावाने जुळवावा. बाजारातील पुष्कळशी उपकरणे साध्या मिठाच्या द्रावासाठी आखलेली असतात आणि सागरी पाण्याची लवणता सुमारे दीड एककाने जास्त दाखवतात.

हवामानामुळे दोन अडचणी उद्भवतात. एप्रिल-मे महिन्यांत सज्जात ठेवलेले पिंप सहज तापते आणि गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आणखी लवकर बाहेर पडते. म्हणून मिश्रण घरात, २५ अंशांच्या आसपास करावे. टाकी थंड राखण्यासाठी पंखा लावल्यास बाष्पीभवन वाढते, पण वाफेबरोबर मीठ जात नाही, त्यामुळे ही रोजची तूट खाऱ्या नव्हे तर शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. पावसाळ्यात दमट हवेतील ओलावा मिठातील मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइड शोषून घेतात आणि उघड्या पिशवीत गठ्ठे होतात. उघडलेले मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून वापरण्यापूर्वी डबा हलवून घ्यावा, कारण हाताळताना त्यातील जड आणि हलके कण वेगवेगळे होऊन बसतात.