बाळाची मालिश, झोप आणि मेंदू: एका समजुतीची पार्श्वभूमी

न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब सोडून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते, कोमट तेलाचा हात पाठीवरून टाचेपर्यंत ओढते आणि टाळूवर तेल जिरवते. मग कढत पाण्याची अंघोळ, ओव्याची धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळणे आणि दूध. त्यानंतर बाळ दोन-तीन तास गाढ झोपते आणि सगळे श्रेय मालिशीला मिळते, ऊब, दूध व दमणूक यांचा हिशेब मात्र कोणी करत नाही.

मालिशीने बाळाला चांगली झोप लागते आणि त्याचा मेंदूही लवकर वाढतो, असे म्हटले जाते. त्यातली झोपेची समजूत जुनी आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भटाने नवजात बालकावर बलातैल (बला या वनस्पतीचे तेल) शिंपडण्यास सांगितले आहे, आणि अभ्यंगाचे (तेल चोळण्याचे) गुण सांगताना दृष्टी निर्मळ होणे व चांगली झोप लागणे ही दोन्ही फळे एकाच श्लोकात नोंदवली आहेत.

पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र बराच काळ उलट धोरण ठेवले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचपेटीत ठेवून जंतुसंसर्ग व थकवा टाळण्यासाठी शक्य तितका कमी स्पर्श करायचा, असा दंडक होता. त्याला तडा गेला तो काहीसा आडवाटेने. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात संशोधक सॉल शॅनबर्ग यांना असे आढळले, की आईपासून दूर केलेल्या उंदराच्या पिलांत वाढीच्या संप्रेरकाची पातळी घसरते, आणि आई चाटते तसा ओला ब्रश अंगावरून फिरवल्यास ती सावरते. संशोधक टिफनी फील्ड यांनी शॅनबर्ग यांच्यासह 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे असे दहा दिवस चोळले गेले. त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. गंमत अशी, की ही बाळे जास्त झोपत नव्हती; उलट ती अधिक जागी व चळवळी होती. या अभ्यासाचा दाखला देणारे हा तपशील सहसा गाळतात.

झोपेचा पुरावा वेगळ्या वाटेने आला. दिल्लीतील 2000 च्या अभ्यासात सव्वाशे तान्ही बाळे होती; त्यांतील चार गटांना चार आठवडे वेगवेगळ्या तेलांनी चोळण्यात आले, पाचव्याला मालिश नव्हती. मालिशीनंतरची झोप लांबली, आणि तिळाच्या तेलाने सर्वाधिक. इस्रायलमधील 2002 च्या अभ्यासात आईने झोपवण्यापूर्वी चौदा दिवस मालिश केलेल्या बाळांच्या लघवीत, बारा आठवड्यांच्या वयाला, रात्रीच्या मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचा अंश अधिक मिळाला. म्हणजे परिणाम एकूण झोप वाढण्यापेक्षा दिवस-रात्रीचे चक्र लवकर बसण्याशी निगडित असावा. मात्र त्या अभ्यासातील बाळे मोजकीच होती.

मेंदूविषयीचा सर्वांत भक्कम दुवा 2009 मधील इटलीतील संशोधनाचा. तेथे चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मेंदूविद्युत आलेख (ईईजी) लवकर परिपक्व झाला, रक्तातील आयजीएफ-1 हा वाढ-घटक वाढला आणि तीन महिन्यांना त्यांची नजर अधिक स्पष्ट होती. दृष्टीचा वाग्भटाने केलेला उल्लेख येथे आठवतो, परंतु त्यावरून पुरातन ज्ञान सिद्ध झाले असे म्हणणे घाईचे ठरेल. वर्षभरात हा फरक पुसला गेला होता. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांविषयी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या आढाव्याने 34 अभ्यास तपासले, त्यांतील बहुतेकांची पद्धत कच्ची ठरवली आणि सरसकट शिफारशीस पुरेसा आधार नसल्याचे म्हटले.

मुंबईत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या संदर्भात बोलकी आहे. खोबरेल तेल, खनिज तेल आणि नुसती पावडर अशा तीन गटांत बाळांना चोळले गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेल तेलाच्या गटात सर्वाधिक वेगाने वाढले. चेतावर्तनाच्या (मेंदू व मज्जासंस्थेशी निगडित वर्तनाच्या) तपासणीत मात्र तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.