धूर बघा, मग बॅटरीला दोष द्या

थंडीत डिझेल गाडी सुरू होईना की पहिला संशय बॅटरीवर जातो. पण आधी हे इंजिन पेटतं कसं ते बघा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो, डिझेलमध्ये इंधन पेटवायचं काम निव्वळ दाबलेली हवा करते. पिस्टन वर येतो, सिलिंडरमधली हवा पंधरा-वीसपट कमी जागेत कोंबली जाते आणि तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलचा पंप मारताना गरम का होतो, त्याचंच हे मोठं रूप. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेही याच तत्त्वावर.

म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा, आणि थंडी नेमकी तिथेच हात घालते. कागदावर हिशेब केला तर आत आलेली हवा १० अंशांनी जास्त थंड असेल, तर दाबल्यानंतरची हवा साधारण ३० अंशांनी थंड राहते. बाहेर ३० अंशांऐवजी उणे २० असेल तर ही तूट १५० अंशांवर जाते. वर सिलिंडरच्या भिंती बर्फासारख्या गार, त्या आपला वाटा आधीच काढून घेतात. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास स्वतःहून पेटू शकतं हे खरं, पण इथे ते काही मिलिसेकंदांत पेटायला हवं. त्यासाठी हवा त्याहून पुष्कळ जास्त तापलेली लागते.

इथे सेल्फचा, म्हणजे इंजिनाला पहिल्या फेऱ्या देणाऱ्या स्टार्टर मोटरचा, वेग महत्त्वाचा ठरतो. सेल्फने इंजिन मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरवलं तर हवा दाबायला ०.२ सेकंद लागतात. फेऱ्या ७५ वर आल्या तर ०.४ सेकंद. या वाढीव वेळात उष्णता भिंतीत मुरते आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली निसटते. थोडक्यात, सेल्फ नुसता इंजिन फिरवत नाही, तो ते तापवतही असतो. आणि थंडीत त्याच्यावर दोन्हीकडून मार बसतो: ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं, तर बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावून तिचा जोर घटतो. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. कडाक्याच्या थंडीसाठी महागड्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या आणण्यापेक्षा कंपनीने सांगितलेलं योग्य ग्रेडचं ऑइल घालणं कधीही शहाणपणाचं.

उष्णतेची ही तूट भरून काढायला ग्लो प्लग असतो, गॅरेजच्या भाषेत हीटर प्लग. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक. त्याचं टोक काही सेकंदांत ८००-९०० अंशांपर्यंत लालबुंद होतं आणि फवाऱ्याचा काही भाग तिथे पेटून बाकीच्याला पेटवतो. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा त्याचाच. चावी फिरवायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. हेडलाइट, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद. क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं काम सेल्फवर पडत नाही. फारच थंडी असेल तर दिवा विझल्यावर चावी मागे घेऊन प्लग पुन्हा एकदा तापू द्यावेत. बटण दाबून सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्या ही वाट स्वतःच बघतात.

आता इंधनाकडे. डिझेल किती चटकन पेटतं हे सीटेन नंबरवरून ठरतं. या मोजपट्टीवर १०० गुण दिलेत ते हेक्झाडेकेनला, सोळा कार्बनच्या सरळ साखळीला. गंमत म्हणजे शुद्ध हेक्झाडेकेन १८ अंशांनाच गोठतं! सरळ साखळ्या पेटायला तयार, पण गोठायलाही पहिल्या. डिझेलमध्ये त्या इतर घटकांत विरघळलेल्या असतात म्हणून निभावतं. थंडी वाढली की त्यांचे मेणासारखे स्फटिक बाहेर पडतात, इंधन गढूळ दिसतं आणि स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकतात. टाकीतलं डिझेल अजून वाहतं असतं, पण फिल्टर तुंबलेला. म्हणून थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळं डिझेल विकतात. मेण रोखणारं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, पण ते आधी घालावं लागतं. एकदा तयार झालेले स्फटिक ते परत विरघळवत नाही. डिझेल पातळ करायला पेट्रोल ओतायचा जुना उपाय आजच्या गाड्यांवर मुळीच करू नये. कॉमन रेल, म्हणजे खूप मोठ्या दाबाने इंधन फवारणारी आजची यंत्रणा; तिच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवतं, आणि पेट्रोलमध्ये तो गुण नाही.

गाडी सुरू होत नसेल तर आधी कान आणि सायलेन्सर वापरा. सेल्फ रडत-रखडत फिरतोय? दोष बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा ऑइलकडे शोधा. सेल्फ झपाझप फिरतोय, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतोय, पण इंजिन पकडत नाही? तो धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. इंधन पोचतंय, उष्णता कमी पडतेय, तेव्हा हीटर प्लग तपासा. चारपैकी एकच गेला असेल तर गाडी सुरू होते, पण पहिला मिनिटभर खडखडत आणि धुरकटत. सेल्फ जोरात आणि धूर अजिबात नाही, तर इंधनच येत नाहीये. आणि सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडली तर संशय मेणाचा: आधी फिल्टरमधून थोडं वाहत होतं, नंतर तेही थांबलं. अशा वेळी सेल्फ मारत राहून बॅटरी उतरवण्यात अर्थ नाही. गाडी उबदार जागी न्या किंवा फिल्टरला गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने शेक द्या. उघडी ज्योत चुकूनही नको. हीटर प्लगवाल्या इंजिनात ईथरचा, म्हणजे इंजिन चटकन पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो, स्प्रेही नको. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.