पाणी गढूळ आहे, पण कसलं? गाळाचं की हिरवं

शनिवारी रात्री देवगडच्या मित्राचा फोन येतो. "सकाळी जावया काय? पण पाणी गढूळ आसा म्हणतत." त्यावर माझा एकच प्रश्न असतो: कसला गढूळ?

सुरुवातीची काही वर्षं हा प्रश्न आम्हाला सुचायचाच नाही. भाले, मास्क, फिन्स गाडीत टाकून चौघे पाण्याखाली भाल्याने मासे मारायला निघायचो, खडकावर उभं राहून पाणी बघायचो, तोंडं वाकडी करायचो आणि बाजारातून तांबोशी विकत घेऊन घरी यायचो. आमची ही गंमत एक होडीवाले तात्या रोज बघायचे. एका मार्चमध्ये त्यांना दया आली असावी. "ह्यां पाणी बसतलां," ते म्हणाले, "चार दिसांनी येवा." आम्ही गेलो, आणि खरोखर पायाखालचा खडक दिसत होता. एप्रिलात पाणी परत तसंच वाटलं म्हणून आम्ही शहाणपणाने चार दिवस थांबायचं ठरवलं, तर तात्या हसले. "तां बसाचां नाय. थांबान काय करतल्यात?"

तात्यांनी तिथेच विषय संपवला होता. एक पाणी बसतं, एक बसत नाही. बसतं ते गाळाचं. बसत नाही ते हिरवं, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींनी आणि जिवांनी भरलेलं. वरून दोन्हीत दोन हातांपलीकडचं दिसत नाही, म्हणून आपण दोन्हींना गढूळच म्हणतो. पण भाला घेऊन श्वास रोखून खाली जाणाऱ्याला या दोन पाण्यांत फार वेगळं वागावं लागतं.

गाळाचं पाणी आधी घेऊ, कारण ते हिशेबी आहे. त्यातले कण निर्जीव असतात, पाण्यापेक्षा जड असतात आणि त्यांना कुणीतरी ढवळलेलं असतं: नदीने, लाटेने किंवा भरती-ओहोटीच्या ओढीने. ढवळणारा थांबला की कण खाली जायला लागतात, पण सगळे एका वेगाने नाही. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १० मीटर खाली जायला सुमारे २० मिनिटं घेतो. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण एकच मीटर उतरायला तीनेक दिवस लावतो. कण लहान होतो तसा त्याचा वेग व्यासाच्या वर्गाने घटतो, त्याचा हा परिणाम. त्यातल्या त्यात बरं म्हणजे खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि जरा लवकर बसतात. म्हणून वाळूच्या किनाऱ्यावर लाटा पडल्या की पाणी लवकर निवळतं आणि खाडीच्या तोंडाशी मात्र दिवस मोजावे लागतात.

हे दिवस पंचांगात मोजता येतात. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, तेव्हा ओढ जास्त आणि तळ ढवळलेला. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग, तेव्हा पाणी फारसं चढत-उतरत नाही आणि गाळाला बसायला उसंत मिळते. आता कोकणातला जुना ठोकताळा लावून बघा. तिथीला पाऊणने गुणलं की साधारण भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात. म्हणजे भांगाच्या दिवसांत पूर्ण भरती नेमकी सकाळी येते, खाडीचं पाणी मागे रेटून समुद्राचं पाणी आत आलेलं असतं, आणि पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून वाहत असल्याने किनाऱ्याशी लाट उठत नाही. तीन गोष्टी एकाच सकाळी जुळतात. पौर्णिमेला तोच ठोकताळा सव्वाअकरा सांगतो, तोवर खारे वारे सुरू व्हायची वेळ होते. मला हा सगळा हिशेब कळला तेव्हा वाया घालवलेल्या पेट्रोलचे पैसे आठवले.

हा हिशेब किनाऱ्यावर सगळीकडे सारखा चालत नाही. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे हाच फरक दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे उत्तरेकडे चिखल भांगातही पुरता बसत नाही, आणि दक्षिणेकडे ओढीपेक्षा लांबून येणाऱ्या लाटेकडे जास्त बघावं लागतं. अलिबागच्या मित्रांना मी भाला घेऊन दक्षिणेला यायला सांगतो ते काही मालवणच्या अभिमानापोटी नाही. (मालवणचा अभिमान आहेच. पण तिथल्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत, जे १९८७ पासून आहे, भाला न्यायचाच नाही. नुसता मास्क लावून जावं.)

हिरव्या पाण्याला चंद्राशी देणंघेणं नाही. पावसाळ्यात नद्या डोंगरांची लाल माती आणि तिच्यासोबत पोषक द्रव्यं समुद्रात आणतात. शिवाय नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खोल, थंड, पोषक पाणी वर सरकतं. मातीचं प्रमाण जास्त असेपर्यंत उजेड आत शिरत नाही, म्हणून खत असूनही पीक येत नाही. गाळ बसला, ऊन आत गेलं की मग सूक्ष्म वनस्पती सपाटून वाढतात. म्हणजे पहिलं पाणी निवळतं तेव्हाच बऱ्याचदा दुसऱ्याची पेरणी झालेली असते. "आठ दिवसांपूर्वी तर साफ होतं" ही तक्रार इथून येते.

हिरवं म्हटलं तरी ते नेहमी हिरवं असतंच असं नाही. फेब्रुवारी ते मेमध्ये कधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी-पिवळे पट्टे दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेणारं निळं-हिरवं शेवाळ. त्याला नदीच्या खताचीही गरज पडत नाही. नॉक्टिल्युका कुठे लालसर असतो, कुठे हिरवा, आणि रात्री लाट फुटली की निळा चमकतो. रात्री किनाऱ्यावर तो उजेड बघायला गर्दी होते. दुसऱ्या दिवशी तिथेच डुबकी मारली तर आपल्या हाताची बोटं मोजायची पंचाईत.

दोन्ही पाणी ओळखायला मी एक पारदर्शक बाटली बाळगतो. पाणी भरून सावलीत ठेवायचं. गाळ असेल तर तळाशी थर धरायला लागतो, कधी तासाभरात, कधी रात्रभरात. हिरवं पाणी तसंच राहतं, उलट ट्रायकोडेस्मियम आणि नॉक्टिल्युका वर तरंगतात. दुसरी युक्ती दोरीला बांधलेल्या पांढऱ्या थाळीची. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली, समुद्राचे अभ्यासक आजही ती वापरतात. आमची थाळी घरातलीच, कडेला भोक पाडलेली. आईला अजून सांगितलेलं नाही. थाळीने वरचं पाणी किती धूसर आहे ते कळतं, पण खाली काय आहे ते कळत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

गाळ खाली दाट असतो. तळाशी जावं तसं कमी दिसतं, आणि फिनचा एक फटका बसला की उरलंसुरलंही जातं. हिरवं पाणी अनेकदा उलटं असतं, कारण उजेडावर जगणारे जीव वरच्या थरात गर्दी करतात. पाच-सात मीटर त्या दुधाळ हिरव्यातून खाली जाताना मन म्हणत असतं की परत फिर. मग एकदम अंगाला थंड पाणी लागतं, डोक्यावर हिरवं छत आणि खाली अंधारं पण स्वच्छ पाणी. संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच्या माजघरासारखं. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ आपल्याकडे असतो. वारा जोरात असला की मात्र थर मिसळतात आणि हे माजघर सापडत नाही.

मासेही त्याप्रमाणे वागतात. गाळात चोणक आणि शिंगाळा डोळ्यांवर फारसे विसंबत नाहीत. अंगावरच्या रेषेने पाण्याची हालचाल टिपतात आणि कधी हातभर अंतरावर येऊन उभे राहतात. दचकतो तो आपणच. हिरव्या पाण्यात तारली चरायला येते आणि तिच्यामागे सुरमई, मोडोसा. पण बहर मरून कुजायला लागला की तळाचा प्राणवायू संपत जातो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षं पाणी मोजलं आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे तळाशी प्राणवायू जवळपास उरत नाही. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात खालचं पाणी स्वच्छ सापडलं आणि त्यात एकही मासा दिसला नाही, तर नेमबाजीला दोष देऊ नये.

हत्यार त्यावरून ठरतं. गाळात रबर ताणून भाला फेकणारी ७५ सेंटिमीटरची आखूड गन आणि एकच रबर पुरे. लांब गन वळवेपर्यंत मासा गेलेला असतो. हिरव्याच्या खाली ९० किंवा १०० चालते. टॉर्च गाळात निरुपयोगी, धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखी सगळी भिंत पांढरी होते. हिरव्याच्या खाली तीच टॉर्च कपारीत बघायला सोन्याची.

सोबत्याचं काय करायचं, हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळ बोलतो, आणि मित्र सगळ्यात कमी वेळ ऐकतात. नियम जुना आहे: एक खाली, एक वर, वरच्याचे डोळे खालच्यावर. श्वास रोखून जाणाऱ्याची शुद्ध बहुतेकदा शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर हरपते, म्हणून वर आल्यानंतरही निदान अर्धा मिनिट त्याच्याकडे बघत राहायचं. स्वच्छ पाण्यात हे सोपं. गाळात वरच्याला काही दिसत नाही, पण खालचाही लांब नसतो. चार-पाच मीटरच्या पाण्यात दोघांनी बोयाच्या, म्हणजे वर तरंगणाऱ्या खुणेच्या, एकाच दोरीवर हात ठेवला की काम भागतं. हिरव्या पाण्यात फसगत होते. खालच्याला सगळं दिसतं, त्यामुळे त्याला वाटतं की वरच्यालाही आपण दिसतो. वरच्याला फक्त छत दिसतं. आमच्यातला एकजण असाच कपारीतल्या हेकरू माशाच्या नादात रमला आणि मी वर आकडे मोजत पिवळ्या दोरीकडे बघत राहिलो. त्या दिवसापासून खालचा दोरीला बांधलेला असतो, वेळ आधी ठरलेली असते, आणि ती उलटली की वरचा न विचारता दोरी ओढतो. मासा गेला तर गेला.

गाळात भीती वेगळ्या गोष्टींची. जाळी. रायगडकडे आणि मुंबईकडे ओढीच्या तोंडावर डोल लावलेली असते, तिचं काम पाण्यासोबत येणारं सगळं गिळायचं आहे आणि आपणही पाण्यासोबतच येतो. दक्षिणेत खडकांना अडकून राहिलेली जुनी जाळी असतात. पायाला सुरी बांधलेली हवी, आणि तिच्यापर्यंत हात सहज पोहोचायला हवा. तळ न दिसता पाय टेकवायचा नाही, पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत पडलेली असते. आणि आपलेच फिन्स दिसत नसतील इतकं पाणी दाट असेल तर गन भरायचीच नाही, कारण समोरची सावली कुणाची हे तेव्हा कुणीच सांगू शकत नाही.

नोव्हेंबरात दोन्ही पाणी एकाच वेळी भेटतात तेव्हा खाडीच्या तोंडापासून थोडं बाहेर एक रेघ दिसते. फेस, पालापाचोळा, नारळाची सोडणं तिच्यावर जमलेली असतात. एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला हिरवट. खाडीचं पाणी गोडसर म्हणून हलकं असतं आणि गाळ असूनही वरच्या वर पसरतं, म्हणजे गाळ खाली दाट हा वरचा नियम या एका जागी मोडतो. ओहोटीला ती रेघ बाहेर सरकते, भरतीला आत येते. मासे तिच्या समुद्राकडच्या बाजूला, जरा खाली, तोंड खाडीकडे करून उभे असतात. आम्ही होडी रेघेवरच थांबवतो, बाटली दोन्ही बाजूंनी एकदा बुडवून बघतो आणि हिरव्या बाजूने उतरतो.