सॉल्ट लेक काउंटीचे चार वाटे : यूटातील मतदारसंघांच्या वादाची पार्श्वभूमी

यूटा 1896 मध्ये अमेरिकेचे राज्य झाले. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात, जिथे जागा लोकसंख्येनुसार वाटल्या जातात, त्याची आधी एकच जागा होती, 1912 च्या निवडणुकीपासून दोन आणि 1982 पासून तीन झाल्या. 2000 च्या जनगणनेनंतर चौथी जागा अवघ्या 857 माणसांनी हुकली आणि ती नॉर्थ कॅरोलिनाला गेली. परदेशी नेमणुकीवरचे सैनिक मोजायचे, मग धर्मप्रचारासाठी परदेशी गेलेले यूटाचे हजारो तरुण का वगळायचे, हा राज्याचा युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही. ती जागा अखेर 2012 च्या निवडणुकीत मिळाली.

2010 ते 2020 या दशकात यूटाची लोकसंख्या 18.4 टक्क्यांनी, म्हणजे देशात सर्वाधिक वेगाने वाढून 32,71,616 झाली. त्यांपैकी 11.85 लाख लोक एकट्या सॉल्ट लेक काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) राहत होते. एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे 8.18 लाख लोक येत असल्याने ही काउंटी किमान दोन मतदारसंघांत विभागणे अटळच होते. 2021 मध्ये मात्र विधिमंडळाने तिचे चार वाटे केले आणि प्रत्येक वाट्याला दूरवरचा ग्रामीण मुलूख जोडला.

या आखणीच्या समर्थनार्थ पुढे आलेला ‘शहरी-ग्रामीण मिश्रण’ हा शब्द नीट तपासून पाहण्याजोगा आहे. राज्यातील 60 टक्क्यांहून अधिक जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची असल्याने प्रत्येक प्रतिनिधीला शहराइतकेच चराऊ रानांचे आणि खाणींचेही भान असावे, असे समर्थक म्हणत, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु जनगणनेच्या व्याख्येनुसार यूटाचे सुमारे 90 टक्के रहिवासी शहरीच आहेत. तेव्हा या मिश्रणातला ‘ग्रामीण’ भाग क्षेत्रफळाने प्रचंड असला, तरी मतदारांच्या संख्येने किरकोळ ठरतो. डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी सॉल्ट लेकची मते ज्यांच्यामुळे विरली ते मतदार बहुतांशी उपनगरांतले होते, ही बाब समर्थनाच्या भाषणांत फारशी येत नसे. चौथ्या मतदारसंघाचा निकाल 2012 मध्ये 768 मतांनी आणि 2018 मध्ये 694 मतांनी लागला होता; नव्या आखणीनंतर 2022 मध्ये चारही जागा रिपब्लिकन पक्षाने मोठ्या फरकाने जिंकल्या.

2018 च्या त्याच मतदानात नागरिकांनी मतदारसंघ आखण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा आणि पक्षपाती आखणीला मनाई करणारा प्रस्ताव निसटत्या बहुमताने संमत केला होता. 2020 मध्ये विधिमंडळाने त्या आयोगाला केवळ सल्लागाराच्या पायरीवर आणले आणि पुढच्या वर्षी त्याचे नकाशेही बाजूला ठेवले. सरकारी कारभारात सुधारणा करणारा जनतेचा कायदा विधिमंडळाला सबळ कारणाशिवाय निष्प्रभ करता येत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिला. त्यावर उतारा म्हणून घाईने मांडलेली घटनादुरुस्ती मतपत्रिकेवरील दिशाभूल करणाऱ्या मजकुरामुळे रद्दबातल ठरली. ऑगस्ट 2025 मध्ये जिल्हा न्यायालयाने 2021 चा नकाशा बाद केला आणि नोव्हेंबरमध्ये, प्रामुख्याने काउंटीच्या उत्तर भागाचा एक मतदारसंघ करणारा फिर्यादींचा नकाशा 2026 च्या निवडणुकीसाठी निवडला.